सायंकाळची समता

मनुष्य कोणाच्या पंक्तीस बसतो यावरून त्याचा समाज ओळखावा, असे म्हणतात व ते खोटे नाही. परंतु पंक्तीवरून उठल्यानंतर तो त्याच सोबत्याशी कसा वागतो, यावरून तो मनुष्य ओळखावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. या विचारास निमित्त झाले ते टोकियो शहरातील एका सायंकाळचे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त तेथे असतो. गेल्या सुट्टीत मी त्याजकडे गेलो असता, एके दिवशी कचेरी सुटताच तो मला आपल्या सहकाऱ्यांबरोबर एका 'इझाकाया'त घेऊन गेला. या शब्दाचा अर्थ 'बसून पिण्याचे मद्यगृह' असा होतो. एडो काळात (१६०३-१८६८) लोक दुकानातून साके विकत घेत. काही दुकानदार ती तेथेच पिऊ देऊ लागले, पुढे तोंडी लावण्यास चार पदार्थ मांडू लागले, आणि त्यातून ही संस्था वाढली. दाराशी तांबडा कागदी कंदील व आखूड कापडी पडदा; आत बसताच हात पुसण्यास ओला रुमाल येतो, आणि त्यामागून न मागितलेली अशी एक लहानशी वाटी. आम्ही गेलो ते दुकान ओकिनावा बेटांच्या धर्तीचे होते. तांदळापासून गाळलेली 'आवामोरी' हे तेथील मद्य. मी मद्य घेत नाही. तेव्हा माझ्यापुढे ऊलाँग चहाचा पेला आला, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पाठोपाठ आले ते 'गोया चांपुरु'. पाहतो तो आपले कारलेच. सोयाबीनच्या दुधाचे टोफू व अंडे घालून परतलेले! इतक्या दूर ती ओळखीची कडू चव जिभेस लागली आणि क्षणभर मी कराडच्या स्वयंपाकघरात जाऊन आलो.

तेथील एक रीत मला फार आवडली. आपला पेला आपण भरावयाचा नाही. तो शेजाऱ्याने भरावा आणि आपण शेजाऱ्याचा भरावा. कचेरीचा मुख्य अधिकारी सर्वांत तरुण कारकुनाचा पेला स्वतः भरीत होता आणि तो तरुण त्यास मोकळेपणाने चार गोष्टी सुनावीत होता. या मोकळिकीस जपानी भाषेत 'बुरेइको' असे नाव आहे. बैठकीपुरता मानपान बाजूस ठेवावा, असा त्याचा भावार्थ. मी मुलास म्हटले, "आपल्याकडे हे का नाही?" तो हसून म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी तुम्ही कचेरीत यायला हवे. हाच मुलगा ह्याच साहेबांपुढे कमरेत वाकून उभा असेल. आणि आज जास्त बोलून गेला असेल तर त्याची झोप आजच उडाली असेल."

त्या उत्तराने माझ्या उत्साहास चांगलाच लगाम बसला. ज्या बेटांचे अन्न आम्ही आवडीने खात होतो, ती बेटे १८७९ साली जपानने आपल्या राज्यात सामील करून घेतली. आणि त्यानंतर कैक वर्षे तेथून मुख्य भूमीवर पोटासाठी आलेल्या माणसांना घरे व कामे नाकारली जात. आज त्यांचे कारले सर्वांना गोड लागते. तात्पर्य, मनुष्याची जीभ लवकर उदार होते. त्याच्या शेजारची जागा उशिरा मोकळी होते.

मग प्रश्न असा की, परवानगीने मिळालेली आणि सकाळी परत घेतली जाणारी समता ही समता होय काय? आपल्या इतिहासात याची दोन उत्तरे सापडतात. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. त्यावरून केवढे वादळ उठले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या थोर पुरुषानेही अखेर प्रायश्चित्त घेतले, हे सर्वश्रुत आहे. एका पेल्याची मोकळीक समाजाने अशी व्याजासह परत घेतली. दुसरे उत्तर कोल्हापूरचे. राजवाड्याच्या पागेत चाकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून पाण्यावरून मारहाण झाली. शाहू छत्रपतींनी त्यांस हॉटेल काढण्यास प्रोत्साहन दिले आणि भर रस्त्यावर, सर्वांदेखत, त्यांच्या हातचा चहा स्वतः घेतला. त्या चहात विसरून जाण्याजोगे काही नव्हते. तो सर्वांच्या लक्षात राहावा म्हणूनच घेतलेला होता.

कोणी म्हणेल, दोन घटकांची समता मुळीच नसण्यापेक्षा बरी. हे मी मान्य करतो. सवयीवाचून कोणताही सद्गुण अंगी बाणत नाही, आणि अशा सायंकाळी ही त्याची तालीम होय. पण नाटकाचा प्रयोग कधीच लावावयाचा नाही अशी तालीम काय कामाची?

येथवर लिहून थांबलो असतो तर तो परोपदेश झाला असता. आमच्या विभागात एक वृद्ध शिपाई आहेत. सर्वजण त्यांना मामा म्हणतात. सायंकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पुष्कळदा आमची गाठ पडते. घाटाच्या पायरीवर शेजारी बसून आम्ही एकाच कागदातली भेळ खातो, पावसापाण्याच्या व मुलाबाळांच्या गोष्टी करतो. दुसऱ्या दिवशी तेच मामा माझ्या खोलीत चहा आणून ठेवतात, आणि आपला पेला दाराबाहेर उभे राहून संपवितात. वीस वर्षे हे असे चालले. त्यात काही वावगे आहे हे टोकियोतील त्या सायंकाळपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

परत आल्यावर मी एके सकाळी खुर्ची पुढे केली व "मामा, बसा," असे म्हटले. ते म्हणाले, "असू द्या सर, हितं उभाच बरा." त्यांच्या आवाजात राग नव्हता; अवघडलेपण होते. वीस वर्षे जी जागा मी दिली नाही, ती एका शब्दाने त्यांची कशी व्हावी? खुर्ची मी तेथेच ठेवली आहे. रोज विचारतो. परवा ते तिच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बोलत उभे होते.