वरचा रंग आणि आतली ओल



पावसाळा सरला की आपल्या गावांत रंगाऱ्यांना उसंत नसते. नाताळ दोन महिन्यांवर आलेला असतो. कुणाच्या घरी जानेवारीत लग्न ठरलेले असते, कुणाकडे परदेशी नोकरीला असलेली मुले सुटीवर यायची असतात. भिंती घासल्या जातात, लांबी भरली जाते, रंगाचे दोन हात मारले जातात आणि आठ-पंधरा दिवसांत घर नवे दिसू लागते. पुढचा पाऊस येतो आणि पुष्कळ घरांत त्याच भिंतीला, त्याच जागी, पुन्हा पोपडे धरतात. मग पुन्हा रंगारी, पुन्हा रंग.

हा विषय पैशाचा आणि मालाच्या दर्जाचा आहे असे आपण धरून चालतो. आम्हांला वाटते, त्यात एक नैतिक प्रश्नही आहे. दोष झाकणे आणि दोष दूर करणे यांत फरक कोणता? आणि आपल्याच घराच्या भिंतीवरचा का असेना, दोष झाकण्याचा अधिकार आपल्याला कुठपर्यंत आहे?

आपल्या भाषेने या प्रश्नाचे उत्तर जणू आधीच देऊन टाकले आहे. एखाद्याने फसवले की 'त्याने चुना लावला' असे आपण म्हणतो. 'मुलामा' हा शब्दही आपण संशयानेच उच्चारतो. पण खरे पाहता हा चुन्यावर अन्याय आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. ओला असताना तो तीव्र असल्यामुळे बुरशीला सहसा थारा देत नाही. मुख्य म्हणजे तो भिंतीतली ओल कोंडून धरत नाही, वाफ होऊन ती बाहेर पडू देतो. आपल्या जुन्या घरांचे चुन्याचे गिलावे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच गुणामुळे. तेव्हा भिंत सजवणे म्हणजे खोटेपणा असे आम्ही म्हणणार नाही. पाहुणा येणार म्हणून घर उजळणे हा त्याचा मानच आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला स्वच्छ, उजेडी खोली मिळावी ही इच्छा चांगलीच आहे.

मग चूक कुठे होते? ती होते क्रमात. भिंतीवरचा डाग हे लक्षण असते, आजार दुसरीकडे असतो. आपल्यासारख्या किनारपट्टीच्या भागात भिंतीत ओल येण्याच्या वाटा साधारण चार. बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या भेगांतून पाऊस झिरपतो. जोत्यातून जमिनीची ओल वर चढते. न्हाणीघराच्या लाद्यांच्या सांध्यांतून किंवा भिंतीतल्या नळातून पाणी गळते. आणि बंद, कोंदट खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमते. या चारही दुखण्यांचे औषध वेगवेगळे आहे आणि त्यांपैकी एकही औषध रंगाच्या डब्यात मिळत नाही.

लोणा लागलेल्या भिंतीचेच पाहा. विटांमधले, वाळूमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात. पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक मागे उरतात. ते रंगाच्या आत साचू लागले की रंगाला आणि लांबीला आतून ढकलतात. आपल्याला वाटते रंग वाईट निघाला. खरे तर भिंत आपले म्हणणे बाहेर सांगत असते. अशा भिंतीवर जाड ऑइल पेंट दिला की ओलीला बाहेर पडायला जागा राहत नाही आणि नुकसान वाढते. सिमेंट-काँक्रीटच्या घरात ओल आतल्या सळईपर्यंत गेली तर गोष्ट आणखी गंभीर होते. लोखंड गंजले की तो गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. त्या भेगेत लांबी भरून ती दिसेनाशी करता येते. पण त्यामुळे छत आपल्या मुलांच्या डोक्यावर सुरक्षित राहील असे नाही.

भिंत कोरडी आहे की नाही हे पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीच्या हवेतली आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहावी. काही महिन्यांत भेग खुणेच्या पुढे गेली तर रंगारी नको, जाणकार अभियंता बोलवावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला रंगापूर्वी साधारण महिनाभर तरी वेळ द्यावा. या सगळ्याला खर्च जवळजवळ नाहीच. लागतो तो वेळ, आणि सणाच्या तोंडावर नेमका तोच द्यायची आपली तयारी नसते.

पवित्र शास्त्रात घराच्या भिंतींच्या डागडुजीचा एक संपूर्ण विधी आहे, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच लक्षात असेल. लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात, भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले आणि ते पृष्ठभागापेक्षा खोल गेलेले वाटले तर काय करावे, हे सांगितले आहे. ते वर्णन वाचताना आजच्या वाचकाला बुरशीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. घराच्या मालकाने स्वतः याजकाकडे जाऊन हे सांगायचे. याजकाने तपासणीला येण्याआधी घरातले सामान बाहेर काढायला लावायचे, म्हणजे घर अशुद्ध ठरले तरी त्या कुटुंबाच्या चीजवस्तू वाचतात. पाहणी झाल्यावर घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी चट्टे पसरलेले दिसले तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, घर आतून चोहोबाजूंनी खरवडायचे, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. इतके करूनही चट्टे परत आले, तरच घर पाडायचे.

यात गिलाव्याला मनाई नाही, नवा गिलावा करायचाच आहे. पण तो शेवटी. आधी सांगणे, मग पाहणे, मग थांबणे, मग खरवडणे. आणि या कठोर विधीतही कुटुंबाच्या भांड्याकुंड्यांची काळजी घेतली आहे. दोष उघडा पाडताना माणसाचे नुकसान कमीत कमी व्हावे, ही दृष्टी आपणही शिकण्यासारखी आहे. उलट यहेज्केलच्या १३ व्या अध्यायात, लोकांनी उभारलेल्या कच्च्या भिंतीला वरून सफेदी करणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांवर देवाचा रोष होतो. पाऊस येतो, गारा पडतात आणि भिंत कोसळते. त्यांचा अपराध हा की धोका असताना त्यांनी लोकांना निर्धास्त केले.

येथे कुणी म्हणेल, 'हे सारे खरे, पण पैसे कुठून आणायचे? गच्चीचे काम, नळ बदलणे, गिलावा उतरवणे हे हजारोंनी होते. रंगाचा डबा परवडतो म्हणून आम्ही रंग देतो.' हा आक्षेप हलका नाही. ज्याचे पोट हातावर आहे त्याच्याकडून कुवतीबाहेरचे काही मागणे हे नीतीचे काम नव्हे. पण तेवढ्याच पैशात दुसरी निवडही करता येते. या वर्षी बाहेरची भेग बुजवावी, आतला डाग राहू द्यावा. पुढच्या वर्षी भिंत सुकली की साधी चुन्याची सफेदी करावी. डाग असलेली पण कोरडी होत चाललेली भिंत ही लाजेची गोष्ट नाही.

मग लाज का वाटते? कारण आपण एकमेकांच्या घरी जाताना भिंतींकडे पाहतो. ओलीचा डाग दिसू नये म्हणून कपाट सरकवले जाते, कधी कधी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीरही नेमकी त्याच जागी टांगली जाते. त्या तसबिरीमागे बुरशी वाढत राहते आणि त्याच खोलीत एखादे दम्याचे मूल झोपते. हे झाकणाऱ्या कुटुंबाला बोल लावण्याआधी आपण स्वतःला विचारू या. पाहुणा म्हणून आपली नजर अशी आहे का, की जिच्या भीतीने समोरच्याने आपली ओल लपवावी?

स्वतःच्या घरापुरते झाकणे ही एक गोष्ट, पण भिंत नेहमीच एकट्याची नसते. इमारतीत आपल्या न्हाणीघराची फरशी म्हणजे खालच्याचे छत असते. त्याने दहादा रंग दिला तरी गळती आपल्या लाद्यांतून आहे तोवर त्याचे दुखणे संपत नाही. 'आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे' या उत्तराने आपली जबाबदारीही संपत नाही. घर भाड्याने किंवा विकत देताना तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. गिऱ्हाईक यायच्या आदल्या आठवड्यात ओल्या भिंतीला रंग देणारे लोक असतात. 'घेणाऱ्याने नीट बघून घ्यावे' असा युक्तिवाद ते करतात. पण नव्या रंगामागची ओल घेणाऱ्याला कशी दिसणार? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम याबाबत स्पष्ट आहे. जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे हे कपट ठरते. सरकारी कायदा जर इतके मागतो, तर आपल्या सदसद्विवेकबुद्धीने त्याहून कमी का मागावे?

आणखी एक माणूस आपण विसरतो. भिंत घासणारा. लांबीची, जुन्या गिलाव्याची, वाळूची बारीक धूळ दिवसभर त्याच्या छातीत जाते. घरांच्या रंगांत दहा लाख भागांमागे शिशाचे ९० भागांहून अधिक प्रमाण असू नये, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या घरांत, विशेषतः जुन्या ऑइल पेंटच्या थरांत, शिसे जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला की ते धुळीतून पसरते. लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर स्त्रीच्या गर्भाला त्यापासून मोठा धोका असतो. म्हणून जुना रंग ओला करून घासावा, मुलांना व गरोदर स्त्रीला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे, फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि कामगाराला चांगला मास्क आपण आणून द्यावा. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. त्याला हात धुवायला साबण आणि बसून जेवायला धुळीबाहेरची जागा द्यावी. मजुरीत घासाघीस करून 'दोन दिवसांत आटप' असे जो म्हणतो, त्याने भिंत झाकण्याची सोय स्वतःच केलेली असते. पुढे पोपडे धरले की दोष मात्र रंगाऱ्याला दिला जातो.

दुरुस्ती दिसावी की दिसू नये, यावर रोममध्ये एक सुंदर उत्तर शोधले गेले. तेथे १९३९ साली कलाकृतींच्या जतनासाठी इटलीची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांच्या काळात, भित्तिचित्रांचा जो भाग नष्ट झाला असेल तेथे बारीक उभ्या रेघांनी रंग भरण्याची पद्धत रूढ झाली. दुरून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसते. जवळ जाणाऱ्याला मूळ कोणते आणि भरलेले कोणते हे कळते. डोळ्यांना सुख मिळते आणि कुणाची फसवणूकही होत नाही. आपल्या दिवाणखान्यात अशा रेघा मारायची गरज नाही. पण विचारणाऱ्याला 'येथे भेग होती, अशी दुरुस्त केली' असे सांगता यावे, एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे.

घरातल्या माणसांच्या बाबतीतही आपण पुष्कळदा रंगच देतो. दोन भावांत जमिनीवरून बोलणे बंद असते. नाताळला फोटोपुरते ते शेजारी उभे राहतात आणि सगळे म्हणतात, 'चला, मिटले एकदाचे.' पुढच्या पावसात तेच डाग परत येतात. ओल कुठून आली हे कुणीच विचारलेले नसते. विचारायचे तर खरवडावे लागते, थोडी धूळ उडते, काही दिवस घर विद्रूप दिसते. तेवढे सोसायची तयारी असेल तर नंतर दिलेला रंग टिकतो.

तेव्हा या वर्षी रंगाचे कार्ड हातात घेण्याआधी घरातल्या प्रत्येक भिंतीवरून एकदा तळहात फिरवू या. कपाट पुढे ओढून, तसबीर उतरवून मागे पाहू या. खालच्या शेजाऱ्याला त्याच्या छताविषयी आपणहून विचारू या. एखादी भिंत नाताळपर्यंत सुकणार नसेल, तर ती तशीच राहू द्यावी आणि पाहुण्यांना सांगावे, 'हिचे काम अजून चालू आहे.'