नसलेलं पाहणारी माणसं

पावसाळ्याच्या रात्री रुळांवर गस्त घालणारा ट्रॅकमन ठरलेल्या वेळी स्टेशनात पोहोचला नाही, तर स्टेशन मास्तर त्याची वाट बघत बसत नाही. पुढे काहीतरी बिघडलं असावं असं धरून तो येणाऱ्या गाडीच्या चालकाला सावधगिरीचा कागद देतो आणि गाडी हळू काढायला लावतो. ट्रॅकमन दरडीपलीकडे अडकला असेल, ओढा चढला असेल, किंवा त्याचाच पाय घसरला असेल. कारण मागाहून कळेल, गाडीचा वेग आधी उतरेल. रेल्वेच्या नियमपुस्तकातली ही तरतूद मला फार आवडते. एका माणसाच्या चालण्यावर एवढी भिस्त ठेवणारी आणि त्याच्या न येण्यालाही निरोप मानणारी दुसरी सरकारी व्यवस्था मला तरी पटकन आठवत नाही.

त्याच्याजवळ फार काही नसतं. रंग बदलणारी हातबत्ती, झेंड्या, शिट्टी, गस्तीची वही, आणि डब्यात डिटोनेटर, ज्यांना लाइनीवरची मंडळी फटाकेच म्हणतात. हद्द संपते तिथे पलीकडून निघालेला दुसरा गस्तवाला भेटतो. दोघं वह्यांची अदलाबदल करतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात. याची वही त्याच्या स्टेशनात जाते, त्याची याच्या. अर्ध्या वाटेतून मागे फिरायची कुणाला लहर आली, तर ती वहीवरून उघडी पडावी अशी ही जुन्या काळची युक्ती आहे. आता त्यांच्या कमरेला जीपीएसही आलं आहे. यावरून एक गोष्ट कळते: रेल्वे आपल्या माणसांना संत समजत नाही. ते बरंच आहे.

रुळावर दरड दिसली की खरी परीक्षा. गाडी ज्या दिशेनं यायची, त्या दिशेला धावत सुटायचं. ६०० मीटरवर एक फटाका रुळाच्या माथ्यावर पट्टीनं अडकवायचा, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरचं अंतर ठेवून आणखी तीन. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की बार होतो. मुसळधार पावसात, धुक्यात, जिथे बत्ती दिसणार नाही तिथेही तो चालकाला ऐकू येतो. सव्वा किलोमीटर खडीवरून, अंधारात, स्लीपरचा अंदाज घेत, गाडीच्या तोंडावर धावायचं. आणि एकेरी मार्ग असेल तर एक बाजू बांधून झाल्यावर दुसऱ्या बाजूला. दिवाळीच्या अंकात फटाक्यांचा उल्लेख व्हायचाच, तर या फटाक्यांचा व्हावा.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत. बोगदे आणि पूल यांचं कौतुक आपण पोटभर केलं, ते योग्यही होतं. पण या मार्गाचं दुखणं बोगद्यांपेक्षा डोंगर कापून काढलेल्या उघड्या कटिंगमध्ये आहे. वर जांभा, खाली पाणी प्यायलेली मऊ माती, आणि जून उजाडला की त्यावर कोकणचा पाऊस. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीसाठी सोडलेली विशेष गाडी दरडीमुळे घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्ष पुरतं होत नाही तोच, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. त्यानंतर डोंगरांचे उतार कापून सौम्य केले गेले, जाळ्या बसल्या, धोक्याच्या जागी चोवीस तास पहारे बसले, मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरलं. पावसाळी वेळापत्रक म्हणून आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, ते या दोन अपघातांनंतर आलेल्या शहाणपणाचं फळ आहे.

जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला माती रुळावर आली आणि वाहतूक जवळजवळ एक दिवस ठप्प झाली. ज्यांच्या गाड्या अडकल्या त्यांना विचारा, काय आठवतं? डब्यात पाणी संपलं, चहावाला आला नाही, कुणी नीट माहिती देईना. तक्रारी खऱ्या आहेत, मीही त्या डब्यात असतो तर केल्या असत्या. पण २००३ च्या शेजारी ही घटना ठेवून पाहिली की तिचं रूप पालटतं. माती रुळावर आली आणि गाडी तिच्यावर आदळली नाही. हे यश होतं, आणि आपल्याकडे त्याची नोंद गैरसोय म्हणून झाली.

मला या लेखात म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. रोजच्या जगण्यातल्या शूरांविषयी आपण लिहितो तेव्हा बहुधा वाचवणाऱ्याविषयी लिहितो: पुरात उडी घेणारा, फलाटावरून पडणाऱ्या बाईला ओढून घेणारा पोलीस. सीसीटीव्हीत ते दिसतं, म्हणून चटकन पसरतं. पण ज्याच्या कामाचं फळच ‘काही झालं नाही’ हे आहे, त्याचं चित्र काढायचं कशाचं? तो रोज चालतो आणि रोज काही होत नाही. अशा माणसाला मग आपण गुण चिकटवतो. निष्ठा, सेवाभाव, त्याग. माझं म्हणणं असं की त्याच्याकडे गुण असतील-नसतील, त्याच्याकडे एक कसब आहे, आणि आपल्याला ते कसब दिसत नाही.

ते कसब म्हणजे नसलेलं पाहणं. दिवसा रुळावरून जाणारा कीमन बघा. आपण रूळ बघतो तेव्हा आपल्याला रूळ दिसतो. त्याला रुळाला स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या रांगेतली न दिसणारी एक क्लिप दिसते. एकसारख्या हजारो वस्तूंच्या ओळीतून चालताना नजर मरते, हा अनुभव टपालाच्या थैल्या निवडणाऱ्यापासून उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मास्तरांपर्यंत सगळ्यांचा आहे. ती मरू न देणं हे शिकावं लागतं. त्यात ऋतूंचं गणितही येतं. उन्हात रूळ प्रसरण पावून वाकण्याची भीती, थंडीत आकुंचन पावून जोडात तडकण्याची. त्यामुळे उन्हाळ्यातली गस्त दुपारची आणि हिवाळ्यातली रात्र-पहाटेची.

आणि हे करताना मागून गाडी येतच असते. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीनं २०१२ च्या अहवालात कामावर मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा वेगळा हिशेब मांडला. चार-साडेचार वर्षांत सुमारे १,६०० जण. अपघात टाळण्याचं काम करणाऱ्यांचे अपघात आपल्या गणतीत येत नाहीत. एका शास्त्रज्ञानं हा आकडा समोर ठेवावा आणि तो अहवालाच्या पानातच राहावा, याचं नवल वाटायला हवं होतं.

हे न दिसणारं कसब पाण्याच्या कामातही असतं. मुंबईत महापालिकेचा चावीवाला पहाटे लांब दांड्याची चावी जमिनीतल्या व्हॉल्व्हला लावतो आणि आटे मोजत हळूहळू फिरवतो. एकदम उघडला तर पाण्याचा धक्का बसून जुना पाइप फुटू शकतो. गळती शोधणारे तर रात्री लोखंडी दांडा रस्त्याला टेकवून त्याला कान लावतात. शहराचा गोंगाट थांबल्यावर जमिनीखालची सळसळ ऐकू येते, म्हणून रात्री. आपल्याला सकाळी नळ आला एवढंच कळतं, आणि नाही आला तर चावीवाल्याचा मोबाइल नंबर कुणाकडे आहे याची शोधाशोध होते.

नसलेलं पाहण्याच्या या कसबाची सर्वांत मोठी कामगिरी आपल्या डोळ्यांदेखत झाली. पल्स पोलिओ. १९९५ साली मोहीम सुरू झाली. दोन थेंबांचं महत्त्व सगळ्यांना कळत होतं, पण खरी गंमत थेंबांत नव्हती. ती घराच्या दारावर खडूनं केलेल्या खुणेत होती. ज्या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचे डोस झाले, त्या दारावर एक खूण. ज्या घराला कुलूप होतं, मूल मामाकडे गेलं होतं किंवा आजी नको म्हणाली होती, त्या दारावर फुली. मग पुढचे दिवस फुलीच्या दारांसाठी. डोस किती दिले हा आकडा वर पाठवायला सोपा आणि फुगवायलाही सोपा. कोण राहिलं हे शोधायला मात्र पुन्हा तोच जिना चढावा लागतो, आणि पुन्हा त्याच आजीशी बोलावं लागतं. वीटभट्टीवर, उसाच्या फडात, बांधकामाच्या पत्र्यांमागे, रेल्वे स्टेशनात मुलाची डाव्या हाताची करंगळी उलटून शाईची खूण पाहणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्या बायकांच्या खांद्यावरच्या निळ्या डब्यात आणखी एक छोटंसं आश्चर्य असे. पोलिओच्या कुपीच्या लेबलावर एक गडद वर्तुळ आणि त्यात एक फिकट चौकोन छापलेला असतो. चौकोनाची शाई उष्णतेनं काळवंडत जाते. कारखान्यापासून दारापर्यंत कुठेही बर्फ वितळला, डबा उन्हात राहिला, तर त्याचा सगळा हिशेब चौकोन आपल्या अंगावर लिहून ठेवतो, आणि तो परत खोडता येत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस द्यायची. रंगानं वर्तुळाशी मिळाला की कुपी बाद. थर्मामीटर नको, प्रयोगशाळा नको, इंग्रजीही नको. चौथी शिकलेली बाई दारात उभी राहून लस चांगली आहे की नाही याचा निवाडा करू शकते. ज्यानं हे योजलं त्यानं शेवटच्या दारातल्या माणसावर विश्वास टाकला होता, आणि मला चौकोनापेक्षा तो विश्वासच जास्त मोलाचा वाटतो.

२००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये एक, जानेवारीत, पश्चिम बंगालमध्ये हावड्याजवळ. नंतर शून्य. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. आज तिशीच्या आतल्या वाचकानं आपल्या वर्गात पायाला कॅलिपर घालून चालणारं मूल बहुधा पाहिलेलंच नसेल. न पाहिलेल्या मुलाची आठवण कशी राहणार? म्हणून दोन थेंबांची जाहिरात आठवते आणि जिना दुसऱ्यांदा चढलेली बाई आठवत नाही.

हे काम आज ज्यांच्याकडे आहे त्यात आशा कार्यकर्त्या येतात. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या आल्या; देशभरात त्यांची संख्या आता दहा लाखांच्या घरात आहे. त्यांनाही नसलेलंच शोधायचं असतं: तपासणीला न आलेली गरोदर बाई, अर्ध्यावर सुटलेली क्षयाची गोळी. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्या सगळ्यांचा मिळून गौरव केला, देशभर अभिनंदन झालं. कागदावर मात्र त्या स्वयंसेविका. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. इथे त्याग, सेवा या शब्दांचा खरा उपयोग समजतो. कसब म्हटलं की त्याचा दर ठरवावा लागतो, सेवा म्हटलं की सत्कार पुरतो.

महाराष्ट्रातल्या आशा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मानधनात ७,००० रुपयांची वाढ आणि २,००० रुपये भाऊबीज भेट जाहीर झाली. वाढीचा शासन निर्णय काही निघाला नाही, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला आणि हजारो बायका मुंबईच्या आझाद मैदानात येऊन बसल्या. मार्चमध्ये मंत्रिमंडळानं ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. पद स्वयंसेविकेचंच राहिलं. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कर्मचारी म्हणून मान्यता हे मुद्दे त्यांच्या मागण्यांच्या यादीत होते तिथेच आहेत.