पोट आणि वाटा

तालुक्याच्या कोर्टात पोटगीच्या तारखांचा दिवस होता. पुकारा झाला आणि तिशी ओलांडलेली एक बाई पुढे आली. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत मुलीच्या शाळेच्या पावत्या आणि औषधांची बिले. समोर नवऱ्याचा वकील उभा राहिला. अशिलाला उत्पन्न नाही, असे त्याने सांगितले. जमीन वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या नावावर, डेअरीचे खाते आईच्या नावावर. याच्या नावावर एक मोटारसायकल, तिचेही हप्ते थकलेले. न्यायाधीशांनी बाईंना सौम्यपणे विचारले, “महिन्याला किती लागतात तुम्हाला?” ती बोटांवर मोजू लागली. किराणा, गॅस, खोलीचे भाडे, मुलीची रिक्षा.

बाहेर व्हरांड्यात ती सोबतच्या भावाशी बोलत होती, तेव्हा कळले की त्या डेअरीच्या खात्यावर जाणाऱ्या दुधाच्या धारा अकरा वर्षे हीच काढत होती. आत ती हे बोलली नव्हती. बोलणार तरी कशी? तसा प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

आपल्या घटस्फोट-कायद्याचे सगळे दुखणे मला या न विचारलेल्या प्रश्नात दिसते. ‘पोटगी’ हा शब्दच पोटापासून सुरू होतो आणि पोटापाशी संपतो. जुन्या कागदपत्रांत ‘अन्नवस्त्राचा दावा’ असे लिहीत. घराघरांत ‘चोळीबांगडी’ म्हणत. हे सगळे शब्द घेणाऱ्या हाताचे आहेत. ज्या घरात ती नांदली, त्या घराच्या मिळकतीत तिचे काही असेल, अशी शंकासुद्धा या शब्दांना शिवत नाही.

कायद्याचा इतिहासही असाच आहे. पोटगीचे सर्वांत परिचित कलम दिवाणी कायद्यात नाही, फौजदारी प्रक्रियेत आहे: १८९८ च्या संहितेत ४८८, १९७३ च्या संहितेत १२५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४. टाकलेली बायको आणि पोरे रस्त्यावर येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. नवरा गिरणी कामगार असो की गिरणीमालक, या कलमाखाली दरमहा पाचशे रुपयांपेक्षा जास्त देता येत नसे. ही मर्यादा २००१ मध्ये निघाली. १९७९ मध्ये इंदूरच्या मॅजिस्ट्रेटने शाहबानोला महिना २५ रुपये मंजूर केले, पुढे उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. त्या खटल्याने देशाचे राजकारण हलले; आकड्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचा तो हिशेब होता.

पोटाच्या मापाला आणखी एक शेपूट आहे: वागणुकीची अट. बायको व्यभिचारी जीवन जगत असेल, किंवा सबळ कारण नसताना नवऱ्याकडे राहायला नकार देत असेल, तर तिला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. म्हणून पोटगीची नोटीस गेली की अनेकदा पाठोपाठ नवऱ्याकडून ‘मी नांदवायला तयार आहे’ असा दावा येतो. नांदवण्याची इच्छा किती आणि पोटगी टाळण्याची किती, हे कोर्टातल्या बाकावर बसणारा कोणीही सांगेल. नांदण्याचा हुकूम न पाळणाऱ्या पत्नीलाही सबळ कारण असेल तर पोटगी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट करावे लागले. आता दुकानातल्या भागीदाराचा विचार करा. भागी मोडताना त्याच्या चारित्र्याचा पंचनामा कोणी करत नाही. त्याने घातलेले भांडवल आणि केलेले कष्ट मोजतात, नफा-तोटा काढतात आणि वाटे करतात. मदत मागणाऱ्याला सद्वर्तनाचा दाखला लागतो, वाटेकऱ्याला लागत नाही.

बायकोचे कष्ट मोजायचे कसे, हा आक्षेप येतोच. मोजता येतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७.  हा फरक तीन तासांहून अधिक आहे आणि तो रोजचा आहे. नवऱ्याचा ओव्हरटाइम, त्याची बदली, त्याचे दुकान या तासांवर उभे असते. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये नेमके हेच मान्य केले: नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या पत्नीचेही योगदान धरून तिला वाटा दिला. पण एखाद्या न्यायमूर्तीची दृष्टी म्हणजे कायदा नव्हे. २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलेल्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात पत्नीला स्थावरात वाटा देण्याची तरतूद होती. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपले.

वाट्याची कल्पना परदेशातून आणायला नको. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की ती सापडते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली आणि आता २०१२ च्या राज्य कायद्यात उतरलेली पद्धत अशी: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत एकत्र धरली जाते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. स्थावर विकायचे तर दोघांची संमती लागते. घटस्फोट झाला की वाटणी. तिथल्या बायकांचे सगळे प्रश्न सुटले आहेत, असे मुळीच नाही; कारभार बहुधा पुरुषाच्याच हाती राहतो, आणि सामाईकपणात कर्जही सामाईक होऊ शकते. तरी एक फरक मोठा आहे. तिथे बायकोचा हक्क लग्नाच्या दिवशी सुरू होतो. आपल्याकडे तो लग्न मोडल्यावर शोधायला लागतात.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली, तेव्हा टाकलेल्या बायकांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्याच सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली: शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. त्यामागचा विचार दयेचा नव्हता. शेतमालाला भाव मागणाऱ्याने आधी घरातल्या लक्ष्मीचे देणे फेडावे, असा तो सरळ होता. सातबारावर बायकोचे नाव चढवणारे शेतकरी निघाले, हे विसरू नये.

पुरुषांची बाजूही ऐकली पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका अभियंत्याच्या आत्महत्येनंतर पोटगीविषयीचा राग देशभर उसळला. त्यातला काही राग निव्वळ बाईविषयीचा होता, पण सगळा नव्हता. स्वतःचा पगार लपवणाऱ्या बायका असतात. एका पगारात दोन घरे चालवताना दोन्ही घरे गरीब होतात, हे गणित कोणत्याही निकालाने बदलत नाही. पगार लपवण्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून नागपूरहून निघालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्याकडे पाहावे. २०१३ चा अर्ज, २०१५ चा अंतरिम आदेश आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवले. प्रतिज्ञापत्र दोघांचे, हे महत्त्वाचे. हिशेबाला बसल्यावर कोणालाच खिसा झाकता येत नाही. वाटणीची पद्धत पुरुषावरही अन्याय करणार नाही, कारण तिच्यात जन्मभराचा हप्ता नसून एकदाच केलेली मोजणी असते. जिथे कमावते हात दोन्ही आहेत, तिथे नवऱ्यालाही त्याचा वाटा मिळेल.

मुलांचा खर्च मात्र या वाटणीत मिसळू नये. परस्पर संमतीच्या घटस्फोटात “मला काही नको, फक्त पोर द्या” असे म्हणणाऱ्या आया सर्रास दिसतात. आई स्वतःचा हक्क सोडते तिथवर तिची मर्जी. पण मुलाचा हक्क तिचा नसतो, तो तिने सोडायचा कसा? मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात उचलावा आणि तो कोणत्याही सौद्याच्या कागदावर येऊ नये.

पोटगी रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. ज्या घरात वाटायला काहीच नाही, तिथे पोट हेच माप उरते. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगली तरी देणे फिटत नाही, ही तरतूद तिथे आधाराची आहे. पण जिथे गोठा आहे, फ्लॅट आहे, दुकान आहे, तिथे कायद्याने आधी वाटा काढावा आणि मग कमी पडले तर पोटगीकडे वळावे. आणि कायदा होईपर्यंत वाट कशाला पाहायची? मुलीच्या लग्नात मांडवाचा खर्च मोजणाऱ्या बापाने जावयाच्या घरात तिचे नाव कोणत्या कागदावर चढणार, एवढे विचारायला काय हरकत आहे?

त्या दिवशी पिशवीतल्या पावत्या टेबलावर मांडून झाल्या आणि पुढची तारीख पडली. डेअरीच्या पासबुकावर पहिल्या वर्षीच दुसरे नाव तिचे असते, तर पावत्या मांडण्याची वेळ कदाचित आली नसती. ‘किती लागतात?’ असे तिला कोणी विचारले नसते. पासबुक उघडून तिनेच विचारले असते, माझे यात किती निघतात?