वारसा आणि वारसदार

पूर्वजांकडून लाभलेली वस्तू होती तशी जपणे म्हणजे वारसा चालविणे, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न स्वित्झर्लंडमधील स्वतंत्र घड्याळकारांच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उभा राहतो.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आले. अचूकतेत यांत्रिक घड्याळ त्यापुढे टिकणे शक्य नव्हते. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळउद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसे काम करीत. पंधरा वर्षांत त्यांतील सुमारे एकतृतीयांशच उरली. उपयुक्तता हीच एकमेव कसोटी असती, तर ही कला तेथेच संपली असती. परंतु १९८५ मध्ये स्वेंड अँडरसन व व्हिन्सेंट कालाब्रेसे यांनी स्वतंत्र निर्मात्यांची अकादमी स्थापन केली. अँडरसन जन्माने डॅनिश, कालाब्रेसे इटालियन. वारसा रक्ताने नव्हे, अभ्यासाने मिळतो, याची ही साक्षच होय.

मिळालेल्या वारशाचे करावयाचे काय? वाले द जू खोऱ्यातील फिलिप द्युफूर यांचे ‘सिंप्लिसिटी’ हे घड्याळ (२०००) जुन्या वळणाचे आहे: साधी तबकडी, तीन काटे आणि हाताने झिलई दिलेले यंत्र. मॅक्सिमिलियन ब्युसर यांचा मार्ग निराळा. आपण १९६७ ऐवजी १८६७ मध्ये जन्मलो असतो तर कसले घड्याळ घडविले असते, या कल्पनेतून त्यांनी २०११ मध्ये ‘लेगसी मशीन क्रमांक १’ सिद्ध केले. एरवी तबकडीमागे दडणारे तोलचक्र येथे उंच कमानीला टांगलेले, डोळ्यांसमोर हेलकावत असते. मात्र आतील यंत्राची पारंपरिक घडण व झिलई कारी व्हुटिलाइनेन या जाणकाराच्या देखरेखीखाली ठरली. एकाने रूप राखले, दुसऱ्याने मोडले. हाताची शिस्त मात्र दोघांनीही सोडली नाही. नक्कल रूपाची होते. निष्ठा शिस्तीशी असते.

येथे एक आक्षेप टाळता येत नाही. ही घड्याळे मोजक्या धनवंतांनाच परवडतात. मग हा वारसा म्हणजे श्रीमंतांचा शौकच नव्हे काय? आक्षेप खरा आहे. धनिकाच्या पैशावाचून ही कला आज जगत नाही. परंतु आश्रयदाता आणि वारसदार एक नव्हेत. द्युफूर, रोबेर ग्रबेल व स्टीफन फोर्सी यांनी मिशेल बुलांजे या पॅरिसच्या शिक्षकाला, हाताने चालणाऱ्या अवजारांनी संपूर्ण घड्याळ घडविण्याची विद्या दिली. विद्या शिक्षकालाच का? कारण ती त्याच्यापाशी थांबत नाही. त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत जाते.

या कामातून घडलेली घड्याळेही अखेर विकली गेली. घड्याळ तिजोरीत पडून राहू शकते. विद्या तशी राहू शकत नाही. जो विकत घेतो तो मालक होतो. जो शिकतो आणि शिकवितो, तोच वारसदार.