पर्जन्याचे कारण आणि समुद्राची उपाधी

भारतीय दर्शनांतील कार्यकारणाच्या चर्चेत पावसाचा प्रश्न एका विशिष्ट ठिकाणी फार अवघड होतो. मीमांसकांनी 'कारीरी' या इष्टीचा, म्हणजे पर्जन्यासाठी करावयाच्या यागाचा, विचार केला तेव्हा स्वर्गासारखे मरणोत्तर फळ पुढे करून सुटका करून घेण्याची सोय त्यांना राहिली नाही. कारण कारीरीचे फळ याच हंगामात, पिके वाळण्यापूर्वी, डोळ्यांदेखत मिळायला हवे. इष्टी यथासांग होऊनही आभाळ कोरडे राहिले तर कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही वैगुण्य राहिले असावे, अथवा जुन्या कर्माचा प्रतिबंध आडवा आला असावा, असे उत्तर परंपरेने दिले. हे उत्तर चतुर आहे, पण ते प्रत्येक अपयशाला लागू पडते, आणि म्हणूनच मूळ नियम कधीच खोटा ठरू शकत नाही.

मान्सूनच्या आधुनिक अभ्यासालाही हाच पेच वेगळ्या वेषात भेटतो. १९०४ मध्ये भारतीय वेधशाळांची सूत्रे हाती घेणारे गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवादाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि प्रशांत महासागराच्या एका बाजूचा दाब चढला की दुसऱ्या बाजूचा उतरतो, ही 'दक्षिणी आंदोलन' नावाने ओळखली जाणारी गोष्ट त्यातून हाती आली. या आंदोलनाचे मूळ समुद्राच्या तापमानाशी जोडलेले आहे हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखवले. विषुववृत्तीय प्रशांताचा मध्य आणि पूर्व भाग नेहमीपेक्षा तापतो, म्हणजे एल निनो येतो, तेव्हा इंडोनेशियाच्या परिसरात वर चढणारी हवा पूर्वेकडे सरकते, भारताच्या बाजूला हवा खाली उतरू लागते आणि ढगांची वाढ खुंटते. महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचे राहिलेले १९७२ चे वर्ष याच प्रकारचे होते.

परंतु १९९७ मध्ये विसाव्या शतकातील सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक आला आणि देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. उलट २००२ मध्ये एल निनो मध्यम असताना पाऊस ८१ टक्क्यांवर अडकला. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले, १९८८ पासून वापरात असलेले सोळा घटकांचे प्रारूप त्या वर्षी १०१ टक्के पाऊस सांगत होते. या फटक्यानंतर हवामान खात्याने ते बाजूला ठेवले, ही गोष्ट खात्याच्या कमीपणाची मानण्याचे कारण नाही. नियम खोटा ठरू देण्याची तयारी इथे होती.

अशा प्रसंगासाठी न्यायदर्शनाकडे 'उपाधी' ही नेमकी संकल्पना आहे. धूर असेल तेथे अग्नी असतो, ही व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेले साहचर्य; पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात धूर नसतो. धुरासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि हा संयोग म्हणजे उपाधी. एल निनो आणि अवर्षण यांचा संबंध याच जातीचा, सोपाधिक, ठरतो, आणि ओले इंधन नेमके कोणते याचा शोध गेली काही दशके चालू आहे.

त्यातला एक उमेदवार प्रशांत दशकीय आंदोलन हा आहे. उत्तर प्रशांताच्या तापमानाचा हा आकृतिबंध वीस-तीस वर्षे एका अवस्थेत राहतो आणि मग पालटतो. पाणी उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते, त्यामुळे समुद्र अशी दीर्घ चाल धरू शकतो. त्याच्या उष्ण अवस्थेत आलेला एल निनो भारताला अधिक कोरडा जातो, असा निष्कर्ष पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील आर. कृष्णन यांनी मासातो सुगी यांच्यासह २००३ मध्ये मांडला. मात्र १९९७ हे वर्ष तर सर्वसाधारणपणे उष्ण अवस्थेतच धरले जाते. तिथे हिंदी महासागराचा द्विध्रुव, म्हणजे आफ्रिकेकडील पाणी सुमात्राकडील पाण्यापेक्षा तापणे, कामी आला असे सांगितले जाते. २००२ साठी तापलेला पट्टा प्रशांताच्या मध्यभागी होता, हे कारण दिले जाते. दोन्ही स्पष्टीकरणांमागे भौतिक आधार आहे, तरीही दर अपयशानंतर एक नवी उपाधी जोडली जाऊ लागली तर ती कारीरीच्या प्रतिबंधापासून वेगळी कशी ओळखायची, हा प्रश्न उरतोच. फरक एवढाच की उपाधी आधी सांगता येते आणि पुढच्या हंगामात तपासता येते: २०२३ मध्ये एल निनोबरोबर अनुकूल द्विध्रुवाची अपेक्षा होती, तरी ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि हंगाम सरासरीच्या ९४ टक्क्यांवर संपला.

दीर्घ चक्रांच्या बाबतीत ही तपासणीच अडते. व्याप्ती निश्चित होण्यासाठी भूयोदर्शन, म्हणजे पुनःपुन्हा केलेले निरीक्षण, लागते असे अनेक नैयायिक मानतात. देशाच्या पावसाची सलग मालिका १८७१ पासून सुरू होते, आणि तीस वर्षांची पाळी धरली तर तेवढ्या काळात समुद्राची जेमतेम चार-पाच वळणे बसतात. संगणकीय प्रारूपे या उणिवेवर तर्काचा उपाय करतात. न्यायाच्या परिभाषेत तर्क म्हणजे 'हे नसते तर ते झाले नसते' असा आरोपित विचार, आणि प्रारूपात प्रशांताचे तापमान स्थिर धरून पाऊस कसा पडेल हे पाहणे म्हणजे अक्षरशः हेच. नैयायिकांनी तर्काला प्रमाणाचा साहाय्यक मानले, स्वतंत्र प्रमाण नव्हे, आणि प्रारूपांच्या बाबतीतही ही मर्यादा मानणे योग्य दिसते.

आणखी एक अडचण जुन्या आचार्यांसमोर नव्हती. पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्यात गेल्या शतकभरात सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापला आहे, तेव्हा आधीची वळणे आणि येणारे वळण ही एकाच जातीची निरीक्षणे धरावीत की नाहीत, याचे उत्तर केवळ मालिका लांबवून मिळणार नाही, कारण लांबत जाणारी मालिका दरवर्षी बदललेल्याच समुद्राची असेल.