बंद गुऱ्हाळापाशी

श्रावणातला एखादा मळभाचा दिवस निवडा. एक सर येऊन गेलेली असावी, दुसरी अजून यायची असावी. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर उसाच्या फडांमधून जाताना पत्र्याचं छप्पर आणि विटांचं धुराडं कुठे ना कुठे दिसतंच. या दिवसांत बहुतेक गुऱ्हाळं थंड असतात. कायमचं बंद पडलेलं ओळखायचं ते चुलवाणाच्या तोंडाशी उगवलेल्या गवतावरून. तिथे थांबा. शेजारच्या घरात कुणी असेल त्याला विचारा, "मामा, जरा आत जाऊन बघू का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "बघा की."

कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आत जाऊन नुसते उभे राहा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. श्वास सावकाश घ्या. ओलं लोखंड, जुनी राख आणि कुजलेलं चिपाड यांचा मिळून एक वास असतो, तो नाकात भरू द्या. गुळाचा वास येतो का, हेही पाहा.

आता चरकाजवळ या. तिथे घाई करू नका, कारण पाहण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. रुळांवरून नजर डावीकडून उजवीकडे न्या. ऊस जिथून आत शिरायचा त्या मधल्या भागात रुळाच्या खाचा बहुधा बोथट झालेल्या असतात, कडेला मात्र अजून ठळक असतात. किती हंगाम, किती गाड्या ऊस त्या मधल्या जागेतून गेला असेल, याचा विचार मनात येईल. येऊ द्या. मग त्या झिजलेल्या भागावर चढलेला गंज पाहा. झीज आणि गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अशा वस्तूंच्या फोटोंचं सगळं मर्म मला या फरकात दिसतं. झीज कामामुळे येते, गंज काम थांबल्यावर येतो. इथे एकाच लोखंडावर दोन्ही आहेत, एकावर एक. नुसता गंज टिपला तरी फोटो देखणा येईल, पण तो कुठल्याही पत्र्याचा असू शकेल. खाली दबलेली झीजही दिसली, तर तो या चरकाचा फोटो होईल.

भिंतीला टेकवून ठेवलेली काहील असेल तर तिच्यासमोर बसा. ओतीव रूळ जाड असतो, तो सावकाश गंजतो. काहिलीच्या पत्र्याला मात्र भोकं पडू लागतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि आतलं कोरं लोखंड पुन्हा दमट हवेपुढे उघडं पडतं. पापुद्र्याची कड बोटाने न मोडता नुसती पाहा. शाहूपुरीच्या बाजारात ज्यांनी गुळाचे रवे पाहिले आहेत त्यांना पिवळा, तांबूस, काळपट अशा छटा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. तीच नजर इथे लावा. ताजा गंज पिवळसर, मुरलेला गडद. याच काहिलीत रानभेंडीच्या रसाने मळी वर यायची, ती काढली जायची, आणि गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो जमला की नाही ते पाहायचा. काहिलीवर कुठे ठिगळ जोडलेलं दिसलं तर तिथे जास्त वेळ थांबा. कुणाला तरी ती आणखी एक हंगाम चालावी असं वाटलं होतं.

बाहेर या आणि लांब पन्हाळ्याकडे पाहा. गडाच्या माथ्यावरचा जांभा तांबडा आहे तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. काहिलीवरचा रंगही त्याच कुळातला आहे. लोखंड असल्याच खनिजांतून काढलेलं असतं, आणि गंजताना ते परत तिकडेच निघालेलं असतं. मला यात उजाडपणा वाटत नाही. काहील इथल्या मातीच्या रंगाची होत चालली आहे, एवढंच मी पाहतो, आणि ते मला मनापासून सुंदर वाटतं.

आता कॅमेरा काढा. बर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने 1959पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले, तेही ढगाळ उजेडात, सरळ समोरून. कोल्हापूरचा पावसाळा तसाच उजेड फुकट देतो. वस्तू हलवू नका, जाळी पुसू नका, फोटोचे रंग नंतर भडक करू नका. आणि या गावात कॅमेऱ्याला लोखंड परकं नाही. बाबूराव पेंटरांनी आपला कॅमेरा इथेच घडवला आणि 1920मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला.

एक गोष्ट मात्र मनातून काढू नका. राजर्षी शाहू महाराजांनी 1906मध्ये पायाभरणी केलेली कोल्हापुरातली शाहू मिल 2003मध्ये बंद झाली. जिथे माणसाची नोकरी गेली, तिथला गंज त्याला सुंदर दिसेलच असं नाही, आणि तशी अपेक्षाही आपण धरू नये. गुऱ्हाळाचंही तेच. ऊस कारखान्याकडे वळला, कामाला माणसं मिळेनात, दर परवडेना; या सगळ्याचा हिशेब कुणाच्या तरी घरात अजून मिटलेला नसेल.

म्हणून निघण्यापूर्वी मामांना स्क्रीनवर फोटो दाखवा. इथे गुळव्या कोण होता, जाळ घालायला जळव्या कोण असायचा, चरकाच्या कुठल्या बाजूला ऊस सारणारा उभा राहायचा, हे विचारा. ते उठून दाखवायला आले, तर ते सांगतील त्या जागेवरून आणखी एक फोटो काढा.