मुद्दे किती लिहायचे?

प्रथम वर्षाला समाजशास्त्राचं कुठलं पुस्तक लावायचं, यावर दर काही वर्षांनी आमच्या विभागात खल होतो. टेबलावर पाच-सहा पुस्तकं पडलेली असतात, चहा येतो, कुणीतरी किमती वाचून दाखवतं. प्रस्तावना मी वाचत नाही. प्रस्तावनेत सगळीच पुस्तकं विद्यार्थ्याला 'विचारप्रवृत्त' करत असतात. मी सरळ विवाहसंस्थेचं प्रकरण काढतो.

ही खोड मला २०१७ मध्ये लागली. राज्य मंडळाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलगी कुरूप किंवा अपंग असणं हेही एक कारण दिलं होतं. अशा मुलीचं लग्न जमणं अवघड, म्हणून वरपक्ष जास्त हुंडा मागतो, असं त्याचं स्पष्टीकरण. ओरड झाली. पुढे २०२२ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकात तर हुंड्याचे फायदेच सापडले: नव्या संसाराला सामान मिळतं, रूपाने डाव्या मुलीही खपतात.

दोन्ही वेळी लोक लेखकांवर तुटून पडले. लेखकांची मी बाजू घेणार नाही, पण माझा खरा राग आहे तो यादीवर. 'कारणे', 'फायदे', 'तोटे' असे मथळे एकदा घातले की त्यांच्याखाली काहीतरी भरावंच लागतं. मुलीच्या रूपाला नावं ठेवतो वरपक्ष. यादीत आल्यावर मात्र बोलणारा गळतो आणि त्याचं मत शास्त्राचं विधान होऊन बसतं. चार गुणांच्या प्रश्नाला चार मुद्दे हवेत, चौथा सुचत नाही, मग लग्नाच्या बैठकीत ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुस्तकात येतं. 'सर, मुद्दे किती लिहायचे?' हा प्रश्न मुलं पहिल्याच तासाला विचारतात. पुस्तकांनीच त्यांना तो शिकवलाय.

यावर उतारा म्हणून काही जण मूळ लेखांचे संकलन लावा म्हणतात. मलाही ते पटतं. उदाहरण एकच देतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. तोही विवाहाबद्दलच आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्याने, असं त्यांचं म्हणणं. मग नवरा मेला की बायको 'जास्तीची' होते आणि बायको मेली की नवरा. या जास्तीच्या माणसांचं काय करायचं, या हिशेबातून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह कसे उभे राहिले, ते आंबेडकर मांडतात. आता हे त्या बारावीच्या यादीशेजारी ठेवून बघा. तिथे दोष मुलीच्या चेहऱ्यात होता. इथे बोट थेट कुंपण घालणाऱ्या गटाकडे जातं.

शिवाय या निबंधात भांडण आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या व्याख्या आंबेडकर एकेक करून तपासतात. केतकरांचं कौतुक करतात, आणि लगेच दाखवून देतात की त्यांनी सांगितलेली जातीची दोन लक्षणं मुळात एकच आहेत. नावाजलेल्या माणसाचं म्हणणं आदराने घेऊन त्यातली चूक कशी दाखवायची, हे अठरा वर्षांच्या पोराला दुसऱ्या कुठल्या रीतीने शिकवणार? पण संकलन करणारे नेमका हाच भाग कापतात. जागा कमी, म्हणून व्याख्यांची झटापट जाते आणि निष्कर्षाचा परिच्छेद उरतो. ते पुठ्ठा बांधलेलं गाइडच झालं. शर्मिला रेगे यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात आंबेडकरांचे स्त्रिया आणि जात यांवरचे लेख निवडून त्यांना लांब प्रस्तावना जोडल्या, तसं काम प्रथम वर्षासाठी मराठीत कुणीतरी करायला हवं. (आणि प्रस्तावना मी वाचत नाही म्हणालो, ते इथे मागे घेतो.)

परदेशी ग्रंथांचं दुखणं वेगळं. गिडन्स यांच्या जाडजूड पुस्तकात सुरुवातीलाच कॉफीचा कप येतो: साधा घोट, पण त्यामागे भेटीगाठी, व्यसन, व्यापार, वसाहतींचा इतिहास. उदाहरण झकास आहे. गंमत अशी की ज्यांच्या घरात कधी कॉफी होत नाही, ती मुलंही परीक्षेत इमानदारीत कॉफीच लिहितात. एका वर्षी मी सांगितलं, कॉफी बाजूला ठेवा, घरच्या चहातली साखर घ्या आणि मागे मागे जा.

बहुतेकांनी कारखान्यापाशी गाडी थांबवली. मागच्या बाकावरची एक मुलगी उसाच्या फडापर्यंत गेली. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर बीडहून तोडीला जातात. तिने लिहिलं होतं की मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हणून फडावर जायच्या आधी मुलांची लग्नं उरकतात.

वही परत घेताना तिने विचारलं, 'सर, हे विवाहाच्या कुठल्या मुद्द्यात घालू?' टेबलावरच्या सहाही पुस्तकांत मी बघितलं.